न फिटलेलं सुतक

उत्तर स्पेनमध्ये पालेन्सिया शहरात एक बाग आहे. जुन्या दफनभूमीच्या जागेवर केलेली, मुलांना खेळायला. २०११ साली त्या बागेखालची जमीन खणली गेली, तेव्हा एका बाईच्या सांगाड्यापाशी, कमरेच्या बाजूला, एक खुळखुळा सापडला. हाडं मातीच्या रंगाची झाली होती. खुळखुळ्याचे रंग मात्र पंचाहत्तर वर्षांनीही उठून दिसत होते. बाईचं नाव कातालिना मुन्योस. २२ सप्टेंबर १९३६ रोजी तिला गोळ्या घातल्या, तेव्हा तिचा धाकटा मुलगा मार्टिन वर्षाचाही झालेला नव्हता. खुळखुळा त्याचा. आईच्या खिशात तसाच राहून गेलेला. २०१९ मध्ये तो मार्टिनच्या हाती आला, तेव्हा मार्टिनचं वय ८३ होतं. आईबरोबर आपला खुळखुळाही पुरला गेला होता, हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं.

स्पेनचं यादवी युद्ध १९३६ च्या जुलैत सुरू झालं आणि १ एप्रिल १९३९ ला संपलं. निदान पुस्तकात तरी तसं लिहिलेलं असतं. त्यात मेलेल्यांपैकी लाखाहून अधिक माणसं आजही कुठल्या तरी रस्त्याकडेच्या चरात, विहिरीत, दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पडून आहेत, असं तिथे मानलं जातं. २००८ मध्ये बाल्तासार गार्सोन या न्यायाधीशांनी नोंदवलेला आकडा १,१४,२२६ होता. आणि तिथला वाद अजून हाच आहे, की हे खड्डे उघडायचे की नाहीत. उघडू नका म्हणणाऱ्यांचं म्हणणं आपल्या ओळखीचं आहे: झालं गेलं गंगेला मिळालं, जुन्या जखमा कशाला उकरता? हा सल्ला स्पेनमध्ये चाळीस वर्षं शहाणपणाचा समजला गेला. तो चुकीचा होता आणि अन्यायाचाही होता, असं माझं मत आहे.

आधी युद्ध कशावरून झालं, ते थोडक्यात. १४ एप्रिल १९३१ ला राजा देश सोडून गेला आणि प्रजासत्ताक आलं. त्या सरकारने पाच वर्षांत जे करू पाहिलं ते शतकभर तुंबलेलं काम होतं. बायकांना मताचा हक्क मिळाला. क्लारा कांपोआमोर या वकील बाईने संसदेत स्वतःच्या पक्षाशी भांडून तो मिळवला. १९३२ मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला. खेड्यापाड्यांत शाळा निघाल्या. शिकलेली तरुण मंडळी गावोगाव पुस्तकं, नाटकं, सिनेमाचं यंत्र आणि मोठ्या चित्रांच्या नकला घेऊन जाऊ लागली. जमिनीचा प्रश्न मात्र सगळ्यांत अवघड होता. आंदालुसिया आणि एस्त्रेमादुरा या दक्षिणेकडच्या भागांत एकेका जमीनदाराची जमीन नजर पोचेल तिथवर, आणि तिच्यावर राबणारा मजूर मात्र वर्षातले कित्येक महिने बेकार. कूळकायद्याच्या आधीचं गाव ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय, त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. १९३६ च्या मार्चमध्ये एस्त्रेमादुरात हजारो मजुरांनी एकाच दिवशी पडीक जमिनींत नांगर घातले. जुलैत सेनाधिकाऱ्यांनी बंड केलं. ऑगस्टमध्ये बादाहोस शहर बंडखोरांच्या हाती पडलं आणि तिथल्या बैलझुंजीच्या रिंगणात माणसांना नेऊन मारलं. मार्चमधला नांगर आणि ऑगस्टमधलं रिंगण यांच्यातला संबंध दक्षिणेतल्या प्रत्येक मजुराला कळत होता.

बंडखोरांचा पुढारी जनरल फ्रँको. तोच शेवटी जिंकला आणि मरेपर्यंत देशाचा हुकूमशहा राहिला. त्याला हिटलर आणि मुसोलिनी यांची विमानं आणि सैन्य मिळालं. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी 'हस्तक्षेप नको' असा करार पुढे केला आणि रीतसर निवडून आलेल्या सरकारला शस्त्रं मिळणं दुरापास्त केलं. २६ एप्रिल १९३७ ला, सोमवारी, बाजाराच्या दिवशी गेर्निका गावावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. पिकासोच्या चित्रामुळे ते नाव जगभर झालं, त्यामुळे त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

या युद्धाचा एक धागा थेट नागपूरला येतो. गोपाळ मुकुंद हुद्दार, ज्यांना बाळाजी हुद्दार म्हणत, हे डॉ. हेडगेवारांचे सहकारी आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सुरुवातीच्या काळातले सरकार्यवाह. ते पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि तिथून १९३७ मध्ये 'जॉन स्मिथ' हे नाव घेऊन प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला स्पेनला गेले. पन्नासहून अधिक देशांतले सुमारे ३५ हजार लोक असे आंतरराष्ट्रीय तुकड्यांत गेले होते, त्यांतला हा एक मराठी माणूस. १९३८ मध्ये ते पकडले गेले आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात, तुरुंग केलेल्या जागी, कैदेत राहिले. संघाच्या शाखेपासून स्पेनच्या खंदकापर्यंतचा हा प्रवास आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं. कुठल्याही एका बाजूच्या कथेत तो नीट बसत नाही म्हणून तो दोन्हीकडून मागे पडला असावा.

त्याच मठात आणखी एक गोष्ट घडत होती. आंतोनियो वाय्येहो-नाहेरा हा लष्करी मनोविकारतज्ज्ञ तिथल्या परदेशी कैद्यांची तपासणी करत होता. मार्क्सवादी विचार आणि बुद्धीचा कमीपणा यांचं नातं आहे, हे त्याला दाखवायचं होतं. डोक्याची मापं घ्यायची, प्रश्नावल्या भरून घ्यायच्या आणि आधीच ठरलेला निष्कर्ष काढायचा, असं ते शास्त्र. या विचाराची फळं कैद्यांपुरती राहिली नाहीत. 'लाल' आईच्या हाताखाली मूल वाढलं तर तेही बिघडेल, तेव्हा मूल बाजूला काढा, या विचाराला त्यातून शास्त्राचा शिक्का मिळाला. युद्धानंतर तुरुंगातल्या बायकांची मुलं सरकारी आणि धार्मिक संस्थांत गेली. १९४१ च्या एका कायद्याने अशा मुलांची नावं नव्याने नोंदवायची सोय केली. नाव बदललं की आईने शोधायचं कसं? गार्सोन यांच्या निवाड्यात अशा मुलांची संख्या तीस हजारांच्या घरात दिली आहे. त्यांतली काही आज नव्वदीच्या उंबरठ्यावर असतील, आणि आपलं खरं नाव वेगळं होतं हे त्यांना कधी कळलंही नसेल.

समाज खरा बदलला तो युद्ध थांबल्यानंतर, असं मला वाटतं ते यासाठी. लढाईत एक बाजू हरते, हे जगात सगळीकडेच होतं. स्पेनमध्ये हरलेल्या बाजूला हरलेलंच ठेवण्यासाठी कायदे झाले, शाळा झाल्या, घरातले नियम झाले. फेब्रुवारी १९३९ मध्ये 'राजकीय जबाबदारी'चा कायदा आला आणि तो ऑक्टोबर १९३४ पासून लागू केला. म्हणजे ज्या वेळी जे कायदेशीर होतं त्याचीच शिक्षा मागाहून. ज्यांनी सरकारशी इमान राखलं त्यांच्यावर 'बंडाला मदत' केल्याचे खटले चालले, आणि न्याय द्यायला बसले ते बंड केलेले. हजारो शिक्षकांची चौकशी होऊन कुणाची नोकरी गेली, कुणाची घरापासून लांब बदली झाली. बायकांची डोकी भादरून, एरंडेल पाजून त्यांना गावातून फिरवलं. शाळेत कातालान आणि बास्क भाषा बंद झाल्या. झालेले घटस्फोट रद्द धरले गेले. काम धरायला, बँकेत खातं काढायला बाईला नवऱ्याची परवानगी लागे, आणि ही अट १९७५ मध्ये गेली. घटस्फोटाचा कायदा पुन्हा यायला १९८१ उजाडलं. १९३१ च्या संसदेत भाषण ऐकायला गेलेल्या एखाद्या तरुण मुलीने ते हक्क परत मिळालेले पाहिले असतील, तर म्हातारपणी.

सुमारे पाच लाख माणसं १९३९ च्या हिवाळ्यात डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये गेली. तिथे त्यांना समुद्रकाठच्या वाळूत काटेरी तारांच्या आत ठेवलं. आंतोनियो माचादो हा कवी सीमेपलीकडच्या कोलिऊर गावी पोचला आणि काही आठवड्यांतच वारला. मेक्सिकोने दार उघडलं. तिथे गेलेल्या प्राध्यापकांनी, प्रकाशकांनी, कवींनी त्या देशाची विद्यापीठं आणि ग्रंथव्यवहार समृद्ध केला. स्पेनची एक आख्खी पिढी दुसऱ्या देशाची झाली. सात हजारांहून अधिक स्पॅनिश माणसं पुढे नाझींच्या माउटहाउजेन छावणीत पोचली. त्यांतली बहुतेक तिथेच मेली.

आता समोरच्या बाजूचं. प्रजासत्ताकाच्या ताब्यातल्या भागातही खून झाले, आणि ते थोडेथोडके नव्हते. सुमारे सात हजार पाद्री, मठवासी आणि जोगिणी मारल्या गेल्या. नोव्हेंबर १९३६ मध्ये माद्रिदच्या तुरुंगांतून दोन हजारांहून अधिक कैदी पाराकुएयोस इथे नेऊन मारले. इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे, लढाईच्या आघाडीपासून मागे, प्रजासत्ताकाच्या बाजूला पन्नास हजारांच्या आसपास माणसं मारली गेली, आणि फ्रँकोच्या बाजूला त्याच्या दुपटीहून जास्त. आकड्यांची तुलना करून पहिला गुन्हा हलका होत नाही. पाद्र्याच्या आईचं दुःख मजुराच्या आईच्या दुःखापेक्षा कमी नव्हतं. जे लेखक डावे म्हणून पाराकुएयोसचं नाव घ्यायचं टाळतात, त्यांच्याशी माझं जमत नाही.

पण त्या मृतांचं पुढे काय झालं, ते पाहा. १९४० मध्ये फ्रँकोच्या सरकारने 'लालां'च्या गुन्ह्यांची देशभर चौकशी उघडली. गावोगावी साक्षी घेतल्या, खड्डे उघडले, प्रेतं ओळखून घरच्यांच्या हवाली केली. त्यांची नावं देवळांच्या भिंतींवर कोरली: देवासाठी आणि स्पेनसाठी पडलेले. त्यांच्या विधवांना मदत आणि मुलांना नोकरीत प्राधान्य मिळालं. २८ ऑक्टोबर २००७ ला रोममध्ये चर्चने त्यांतल्या ४९८ जणांना एकाच समारंभात 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केलं. हे सगळं झालं ते योग्यच. मारल्या गेलेल्या माणसाचं नाव लागावं, त्याला माती मिळावी, त्याच्यासाठी चार माणसांनी उघड रडावं. प्रश्न इतकाच आहे, की हेच सगळं दुसऱ्या बाजूच्या बाईने मागितलं की त्याला जखम उकरणं का म्हणायचं?

आपल्याकडे माणूस गेला की दहाव्याला पिंडाला कावळा शिवतो का बघतात, तेराव्याला गोडधोड करून माणसं जेवू घालतात, आणि घरचे पुन्हा कामाला लागतात. सुतक फिटतं. ज्याचा देहच मिळाला नाही, त्याच्या घरच्यांचं मन या सगळ्यात अडकून राहतं. कोकणात होडी घेऊन गेलेला परत न आलेला माणूस ज्या घरात आहे, त्या घराला हे विचारा. कॅथलिक घरातही रीत वेगळी असली तरी गरज हीच आहे. स्पेनच्या अर्ध्या घरांचं सुतक १९४० मध्ये फिटलं. उरलेल्यांना सांगितलं गेलं की तुमच्या घरी कुणी मेलंच नाही.

यावर एक उत्तर दिलं जातं आणि ते मला गंभीर वाटतं. फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ ला, बिछान्यात, सत्तेवर असताना मेला. सैन्य त्याचंच, पोलीस त्याचेच, न्यायाधीशही त्याचेच. अशा वेळी लोकशाहीत यायचं तर कुठे तरी हात आखडावा लागणारच होता. शिवाय १९७७ मध्ये माफीचा कायदा झाला, त्याने राजकीय कैदी सुटले आणि फ्रँकोच्या माणसांचे गुन्हेही माफ झाले. त्या माफीची मागणी विरोधकांचीच होती, कारण तुरुंगांत त्यांची माणसं होती. मार्सेलिनो कामाचो हे कामगार पुढारी, स्वतः फ्रँकोच्या तुरुंगात वर्षं काढलेले. ऑक्टोबर १९७७ मध्ये संसदेत माफीच्या बाजूने बोलताना ते म्हणाले, की आम्ही कम्युनिस्टांनी इतकं सोसलं, पण आम्ही आमचे मृत आणि आमचे राग दोन्ही पुरले आहेत. टाळ्या झाल्या. त्या भाषणातला मोठेपणा मला कळतो आणि मी त्यांना दोष देत नाही. पण त्या वाक्याचा अर्धा भाग खरा नव्हता. राग पुरला असेल. मृत कुठे पुरले होते? ते कोयत्याने झाडोरा तोडून पोचावं लागेल अशा ओढ्याकाठी, कुणी तरी घाईने टाकलेल्या मातीखाली होते, आणि ती जागा दाखवू शकणारा म्हातारा गावकरी दर वर्षी एक कमी होत होता.

त्या काळात काही गावांत, नावारा आणि रिओहा भागांत, विधवांनी आणि मुलांनी स्वतःच कुदळी घेऊन खड्डे उघडले होते. शास्त्रज्ञ नव्हते, सरकारी मदत नव्हती. दात, पट्ट्याचं बक्कल, चपलेचा तळ यांवरून माणूस ओळखायचा. २३ फेब्रुवारी १९८१ ला पिस्तूल घेऊन सिव्हिल गार्ड या निमलष्करी पोलीस दलाचा एक अधिकारी संसदेत शिरला, वालेन्सियाच्या रस्त्यांवर रणगाडे आले. बंड एका रात्रीत फसलं, पण लोकांच्या पोटात जुनी भीती परत शिरली आणि कुदळी खाली ठेवल्या गेल्या. त्या वर्षी गप्प बसलेल्यांना मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू? १९८१ चं गप्प बसणं मला समजतं. १९९५ चं समजत नाही. तोवर देश युरोपीय समुदायात येऊन दशक होत आलं होतं, सैन्य बराकीत गेलं होतं, समाजवादी पक्ष तेरा वर्षं सत्तेवर होता. भीती ओसरल्यावरही जी चुप्पी उरली, तिला तडजोड म्हणता येत नाही. ती सवय झाली होती, आणि तिचा फायदा एकाच बाजूला होत होता.

२००० मध्ये ही सवय मोडली ती कुठल्याही पक्षाने नव्हे. एमिलिओ सिल्वा या पत्रकाराने लिओन प्रांतातल्या प्रिआरान्सा देल बिएर्सो गावाजवळ आजोबांचा शोध घेतला आणि रस्त्याकडेला तेरा माणसांचा खड्डा उघडला गेला. आजोबांची ओळख पुढे डीएनए तपासून पटली. बातमी आल्यावर देशभरातून लोक विचारू लागले, की आमच्याही आजोबांचं असं करता येईल का? सिल्वांनी संघटना उभी केली. २००७ मध्ये स्मृतीचा पहिला कायदा झाला, पण खोदण्याचं काम त्याने घरच्यांवरच सोडलं. सरकार फक्त अनुदान देणार. पुढच्या सरकारने २०१३ पासून ते अनुदान शून्यावर आणलं. गार्सोन यांनी चौकशी सुरू केली, तर माफीचा कायदा असताना अधिकार ओलांडला म्हणून त्यांच्यावरच खटला झाला. ते त्यात निर्दोष सुटले, पण चौकशी बंदच राहिली. शोधण्याची जबाबदारी सरकारची आहे असं कायद्यात लिहून यायला २०२२ साल उजाडलं, म्हणजे युद्ध संपून ८३ वर्षं झाली होती. दोन वर्षांत, २०२४ मध्ये, आरागोन प्रांताने आपला स्मृतीचा कायदा रद्दही केला. कारण दिलं ते सलोख्याचं.

'सलोखा' हा शब्द फ्रँकोलाही आवडायचा. माद्रिदजवळच्या डोंगरात त्याने 'पडलेल्यांची दरी' बांधली. बांधकामाला कैदी वापरले, वर दीडशे मीटर उंच क्रूस उभारला आणि हे दोन्ही बाजूंच्या मृतांचं स्मारक आहे असं सांगितलं. आत ३३ हजारांहून अधिक माणसांचे अवशेष आहेत. त्यांतले पुष्कळसे प्रजासत्ताकवादी, गावोगावच्या खड्ड्यांतून घरच्यांना न विचारता पेट्यांत भरून आणलेले. म्हणजे ज्याने मारलं त्याच्याच थडग्याच्या तळघरात, त्याच्या सोबतीला. २४ ऑक्टोबर २०१९ ला फ्रँकोची शवपेटी तिथून काढून साध्या दफनभूमीत नेली, तेव्हा पुष्कळांनी विचारलं, की महागाई आणि बेकारी सोडून सरकारला हे कसं सुचतं? मला वाटतं हा प्रश्न त्या माणसाने विचारावा ज्याचा बाप त्या तळघरात नाही.

खड्डे उघडल्याने गावात तेढ वाढते असं म्हणतात. मग आजवर जे शेकडो खड्डे उघडले गेले, तिथे काय झालं? लोक आले, उन्हात उभे राहिले, हाडं कागदी पेटीत ठेवताना बघितली, फुलं वाहिली, घरी गेले. सूडाचा खून कुठे झाला नाही. आणि कुणाला तुरुंगात टाका अशी मागणी करायला मारेकरी जिवंतही नाहीत. उरलेली मागणी हाडांची आणि नावाची आहे.

आसेन्सिओन मेंदिएता ही त्यांतली एक. तिचे वडील तिमोतेओ कामगार संघटनेतले. युद्ध संपल्यावर, नोव्हेंबर १९३९ मध्ये, त्यांना ग्वादालाहाराच्या दफनभूमीत गोळ्या घातल्या. ही तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. स्पेनच्या न्यायालयांत दाद लागेना, म्हणून वयाच्या ८८ व्या वर्षी ती विमानात बसून अर्जेंटिनाला गेली आणि तिथल्या न्यायाधीशांपुढे साक्ष दिली. त्यांच्या विनंतीवरून २०१६ मध्ये ग्वादालाहारात खोदकाम झालं. वीसेक सांगाडे निघाले, त्यांत वडील नव्हते. घरच्यांनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा खोदलं. २०१७ मध्ये डीएनए जुळला आणि त्या जुलैत तिने वडिलांना माद्रिदच्या दफनभूमीत पुरलं. तिच्या वडिलांबरोबर जे इतर सांगाडे निघाले, त्यांच्या घरच्यांनाही आपली माणसं मिळू लागली. अर्ज त्यांनी केलेला नव्हता.

डीएनए जुळवायला जिवंत नातलग लागतो, आणि मुलगा, मुलगी, बहीण असेल तर काम सोपं होतं. या युद्धात बाप गमावलेली सगळ्यांत लहान मुलं आज ऐंशीच्या पुढे आहेत. विरोधक म्हणतात थांबा, वेळ जाऊ द्या. वेळच तर उरलेला नाही. आसेन्सिओन २०१९ च्या सप्टेंबरात वारली, फ्रँकोला डोंगरातून हलवलं त्याच्या महिनाभर आधी. तिला वडिलांपाशीच ठेवलं आहे.